चाकघराचं विरजण

ज्या घराला स्वतःच्याच घाणीवर ऊब घ्यावी लागते, त्याला घर म्हणायचं की जनावर, हा प्रश्न गौराक्का हेब्बाळ्यांना कॅनडाच्या उत्तर टोकाला येऊन पोचल्या दिवसापासून पडला होता.

त्यांचा मुलगा महांतेश तिथल्या खनिज शोधणाऱ्या वस्तीत नोकरीला. राहायला चाकघर. पुढं स्टिअरिंग, मागं मोरी, मधे संसार. सून मृण्मयी यंत्रं दुरुस्त करणारी इंजिनीअर, आणि आता पोटुशी. तिचं बाळंतपण करायला म्हणून अक्का गडहिंग्लजहून मेथ्या, डिंक, खारका बांधून आल्या होत्या.

शेजारचं तळं गोठायच्या आत सगळ्या वस्तीची हिवाळबांधणी चालली होती. चाकघर जॅकवर उचललं, म्हणजे टायर चिखलात गोठून बसायला नकोत. खालच्या पोकळीतून वारा शिरू नये म्हणून चारी बाजूंनी जमिनीपर्यंत फोमचे तक्ते ठोकले. खिडक्यांना आतून पारदर्शक पापुद्रा चिकटवला, छताच्या सांध्यांत डिंकासारखा लगदा भरला. इथवर अक्कांना पटत होतं. थंडीत माणूस कान बांधतो, घरानंही बांधावेत. पण मग ती टाकी आली.

"ही उबटाकी," डॉक्टर उकिडवे म्हणाले. चिपळूणचा हा जंतुशास्त्रज्ञ टाक्या बनवणाऱ्या कंपनीत होता, आणि मराठी घर दिसलं की चहाला टेकायचा. "संडासातलं, मोरीतलं सगळं हिच्यात पडतं. आतले उबजंतू ते खातात आणि उष्णता सोडतात. पाण्याचे पाइप टाकीला वेढे घालून जातात, म्हणून बाहेर उणे चाळीस असलं तरी नळाला पाणी आणि पायाखाली ऊब."

"म्हणजे आपण शेणकुटाच्या डोक्यावर झोपायचं," अक्का म्हणाल्या. "तेही माणसाच्या. शी!"

"तेल का जाळत नाहीत?" मृण्मयीनं अक्कांसाठीच विचारलं. तिला माहीत होतं.

"तेल तळ्यात सांडतं, म्हणून बंदी. आणि पवनचक्कीची वीज दिवे आणि शेगडीपुरतीच."

"आणि हेच जंतू सांडले तर?" आता तिनं स्वतःसाठी विचारलं.

"खरी मेख तीच," उकिडव्यांनी कप खाली ठेवला. "सुटले तर तळ्याचा गाळ खात सुटतील, तळंच तापवतील. म्हणून त्यांना कुलूप घातलंय. घरातला एक माणूस दाता. त्याच्या पोटात एक द्रव्य तयार होतं, प्रत्येकाचं वेगळं. आम्ही जंतू त्याच्यावरच वाढवतो. ते कुलूपद्रव्य रोज मिळालं तर जगतात, नाहीतर आठवड्यात मरतात. बाकीच्यांचं नुसतं अन्न, दात्याचं म्हणजे प्राण."

"कुत्रंमांजर चालेल दाता म्हणून?" मृण्मयी हसत म्हणाली.

"छे! जनावर वस्तीभर फिरणार, वाटेल तिथं बसणार. जिथं कुलूपद्रव्य पडेल तिथं सांडलेला जंतू जगणार. तसं काही आढळलं तर टाकी जागच्या जागी मारून टाकायची, असा नियम आहे. दाता घरात बसणारा माणूसच हवा. तर अक्का," त्यांनी झाकणाची डबी पुढं केली, "तुमचं विरजण द्या."

"विरजण म्हणू नका हो! आजपासून दही कसं उतरंल घशाखाली?"

डबी घ्यावी लागली. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण वस्तीच्या दवाखान्याचा दंडक होता: चाकघर उबदार असलं तरच बाळंतीण वस्तीत राहील. नसलं तर तळं गोठून पाण्यावर उतरणारं विमान बंद व्हायच्या आत तिला दूर दक्षिणेच्या शहरात पाठवणार, एकटीला. वसतिगृहात परक्या बायका तिला थंड सॅलड खायला घालणार.

अक्का डबी घेऊन बाहेर गेल्या आणि तिच्याकडं बघत उभ्या राहिल्या. साठी उलटलेली, गळ्यात इष्टलिंग असलेली बाई आपली घाण डबीत भरून परपुरुषाच्या हातात देणार? त्यानं ती काचेखाली धरून बघायची? लाकडांच्या ढिगामागं महांतेशचा कोल्ह्या नुकताच बसून गेला होता. नाव कोल्ह्या, जात कुत्र्याची. वस्तीतले शिकारी टाकतील ते कच्चं मांस खायचा, म्हणून अक्का त्याला उंबऱ्याच्या आत घेत नव्हत्या. घाण ती घाण, तिच्यात काय सोवळंओवळं, असं म्हणून त्यांनी काठीनं डबी भरली, काठी लांब फेकली आणि तीनदा हात धुतले.

कंपनीनं जंतू वाढवून पाठवले. टाकी लागली, फरशी उबदार झाली. अक्कांनी पाय टेकले, उचलले, पुन्हा टेकले. बरं वाटत होतं याचीच त्यांना किळस आली.

चार दिवसांत फरशी गार पडली. मृण्मयी लोकरीच्या मोज्यांतही पाय चोळत बसायला लागली. उकिडवे येऊन टाकीचा काटा बघून गोंधळले.

"जंतू उपाशी नाहीत," ते मृण्मयीला म्हणाले, "पण कुलूपद्रव्य शून्य. दाता संडास वापरतच नाही जणू. अक्का, इथंच जाता ना?"

"मग काय तळ्यावर जाते?" अक्का कडाडल्या, आणि कडाडता कडाडताच त्यांच्या डोक्यात उजेड पडला. त्यांचं सगळं टाकीत जात होतं. पण टाकी त्यांची वाट बघतच नव्हती.

"दोन दिवसांत काटा चढला नाही तर मृण्मयीला पाठवावं लागेल," उकिडवे म्हणाले. "नवं विरजण लावायला वेळ उरलेला नाही."

ते गेले तशा अक्कांनी शाल गुंडाळली, नाकाला पदर बांधला आणि फावडं घेऊन कोल्ह्याच्या मागं निघाल्या. तो थांबला की त्या थांबायच्या, तो हुंगायला लागला की त्या त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. एक ढेकूळ बाहेर ठेवायची सोय नव्हती. उकिडव्यांचं ते तळ्याचं बोलणं त्यांच्या नीट ध्यानात होतं. सगळं वेचून आणलं, संडासात टाकलं, वर बादली ओतली, आणि पुन्हा तीनदा हात धुतले.

सकाळी फरशी कोमट होती.

मग कोल्ह्या घरात आला. "थंडी किती पडलीय, मुकं जनावर," अक्का म्हणाल्या. महांतेश बघतच राहिला. कोल्ह्याला अक्कांच्याच गोधडीची घडी मिळाली, कारण बाहेर मोकळा सोडला तर परवडणारं नव्हतं. फिरायला त्याच न्यायच्या, फावड्यासकट. त्याच्या अंगाचा ओलसर वास नाकात बसला होता, भाकरीलाही तोच यायचा. पण मृण्मयीनं मोजे काढून टाकले होते.

तळं गोठत आलं तेव्हा उकिडवे शेवटच्या तपासणीला आले. टाकीत नळी सोडून यंत्राकडं बघत बसले. खुर्चीत चुळबुळले.

"टाकी झकास आहे. कुलूपद्रव्य भरपूर. पण अक्का, एक विचारू? रागावू नका. हे द्रव्य ज्या पोटात तयार होतं ना, त्या पोटात..." त्यांनी गळ्यातल्या लिंगाकडं बघितलं आणि नजर वळवली. "तुम्ही कच्चं मांस खाता का हो?"

महांतेशच्या हातातला कप तसाच राहिला. गडहिंग्लजला जावेनं कांदाभज्यांच्या तेलात अंडं तळलं म्हणून ज्यांनी तिच्याशी वर्षभर अबोला धरला होता, त्या गौराक्का ताठ बसून होत्या. गोधडीवर कोल्ह्या पाय ताणून जांभई देत होता. त्यांनी त्याच्याकडं बघितलं. मग मृण्मयीच्या उघड्या पावलांकडं, आणि पोटाकडं.

"खाते," अक्का म्हणाल्या.

"अक्का!" महांतेश ओरडला.

"काय अक्का, अक्का? या मुलखात येऊन खायला लागले. थंडी सोसत नाही. माझं पोट, माझं तोंड. तुम्हा कुणाला ताटात वाढलं का?" हे बोलताना त्यांची मान वाकली नाही.

"नाही, नाही, उत्तमच!" उकिडवे सुटल्यासारखे उठले. "फक्त आता बंद करू नका. आहार बदलला की द्रव्य बदलतं, द्रव्य बदललं की जंतू मेले. बर्फ वितळेपर्यंत रोज खायचं. मृण्मयी, तू लक्ष ठेव."

"ठेवते," मृण्मयी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का जेवायला बसल्या. भाकरी, झुणका, ताक. मृण्मयीनं शेजारी आणखी एक ताटली आणून ठेवली. तिच्यात हरणाच्या कच्च्या मांसाचे लालभडक तुकडे होते. त्या वासानं अक्कांनी तोंडावर पदर दाबला.

"पोटभर खा, अक्का," मृण्मयी चेहऱ्यावरची रेघही न हलवता म्हणाली. "नातवंडासाठी."

अक्का तिला झोडपायला शब्द शोधत होत्या, तेवढ्यात त्यांची नजर ताटलीवर गेली. जस्ताची, कडेला दात उमटलेली ताटली. कोल्ह्याची.

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. मग अक्कांनी ताटली खाली ठेवून पायानं टेबलाखाली सरकवली, आणि खाली चपचप सुरू झाल्यावर म्हणाल्या, "ते फावडं दाराशी आणून ठेव. जेवल्या जेवल्या बाहेर जायचं असतं त्याला."