पाटीवर ‘आत’

पहिली भेट झाली ती शिडीमुळे. वनस्पतिशास्त्र विभागाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या अंधाऱ्या व्हरांड्यातून ती बियांच्या बशा भरलेला ट्रे घेऊन लगबगीनं निघाली होती, आणि मधोमध उभ्या शिडीला जाऊन धडकली. बशा खणखणल्या, शिडी डुगडुगली आणि वरून आवाज आला, “अहो मॅडम, समोर बघून चाला!”

“समोर दिसलं असतं तर बघितलं असतं. दिवे कुठे आहेत?”

“तेच लावतोय की!”

आणि खरंच, त्याच क्षणी दिवा लागला. शिडीवर विद्यापीठाचा वायरमन होता. दातांत स्क्रू ड्रायव्हर, केसांत जळमट आणि डोळ्यांत हसू. सगळे त्याला ‘करंट’ म्हणायचे. का म्हणायचे ते तिला त्या दिवशी कळलं.

नावडतीचं मीठ अळणी म्हणतात ना, तशी गत त्या इमारतीची. बाकी सगळ्यांना रंग, हिला ठिगळं. राखाडी भिंती पोपडे धरलेल्या, वायरी छतावरून जुनाट वेलींसारख्या लोंबणाऱ्या. करंटनं तीनदा लिहून दिलं होतं, ही वायरिंग बदला. वरून तीनदा उत्तर आलं, ‘बघू.’

तिच्या मात्र तक्रारी वाढल्या. एकदा ट्यूब लुकलुकते, एकदा पंखा कुरकुरतो.

“मॅडम, या ट्यूबला काहीही झालेलं नाही.”

“मघाशी लुकलुकत होती.”

“मग मला बघून थांबली असेल.”

“तुमचा धाकच तसा…”

“धाक? मला वाटलं, ट्यूब लाजली.”

ती हसायची, तोही हसायचा. असं आठ महिने चाललं. खरं काय ते कुणी बोलेल तर शपथ! तो तिला ‘अहो मॅडम’ म्हणे, ती त्याला ‘अहो’ म्हणे, आणि विभागातल्या शिपाईमामांना तेवढं पुरेसं होतं. ते म्हणायचे, “माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांना दिसतंय ते या दोघांना दिसत नाही, कमाल आहे!”

आता त्या पाटीविषयी सांगायला हवं. इमारतीच्या दारात लाकडी पाटी होती. तिच्यावर प्रत्येकाचं नाव आणि नावापुढे सरकती पट्टी: ‘आत’ किंवा ‘बाहेर’. विभागप्रमुख बाई कडक. त्या येताना आधी पाटी बघायच्या, मग खुर्च्या. म्हणून संशोधक मुलामुलींनी एक युक्ती काढली होती. बाहेर सटकायचं तर पट्टी ‘आत’च ठेवायची, पर्स खुर्चीला आणि फोन टेबलावर. बाईंना वाटायचं, पोरगी इथंच आहे कुठेतरी. सगळे तसंच करायचे. तीही.

हे करंटला ठाऊक नव्हतं. तो पाटी देवासारखी मानायचा. “आमच्या धंद्यात, मॅडम,” एकदा तो म्हणाला होता, “‘काम चालू’ अशी पाटी दिसली की बटणाला हात लावायचा नाही. पाटी खोटी निघाली तर माणूस मरतो.” तेव्हा खरं सांगावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याच्या नजरेतून उतरायला तिला नको होतं, म्हणून ती गप्प बसली.

त्या दुपारी ती फाटकाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. वीस मिनिटांचं काम. पट्टी ‘आत’, पर्स खुर्चीला, फोन टेबलावर. कागद छातीशी धरून परत वळली, तर झाडांच्या वर काळा धूर.

ती धावली. इमारतीसमोरच्या हिरवळीवर सगळे जमले होते. कुणी खोकत होतं, कुणी रडत होतं. दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या धूर ओकत होत्या. बंबाची शिडी नुकतीच वर चढत होती.

शिपाईमामांनी तिला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. “पोरी… तू बाहेर?”

“का? काय झालं?”

“अगं, पाटीवर तू आत होतीस! करंट मेन बंद करून सुखरूप बाहेर आला होता. सगळे मोजले, तू नाहीस. त्यानं पाटी बघितली नि… मी हात धरला गं त्याचा, झटकून परत आत गेला.”

कागद कुठे पडले, तिला कळलं नाही.

“केव्हा?”

“दहा मिनिटं झाली.”

दहा मिनिटं! रडायला उरलेलं आयुष्य पडलं होतं. आता विचार करायला हवा होता. तो तिसऱ्या मजल्यावर जाईल. खुर्चीला पर्स दिसेल, टेबलावर फोन दिसेल. म्हणेल, ही इथंच आहे. मग कुठे शोधेल?

“मामा, त्याला फोन लावा. लावा ना!”

मामांनी लावला. तिनं कानाला धरला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

साऱ्या इमारतीत रेंज नसलेली एकच जागा होती. बिया ठेवायची शीतखोली. जाडजूड पत्र्याची, बिनखिडकीची. तिची आतली कडी दोन वर्षांपासून मोडलेली. आत जाताना सगळे दारात वीट लावायचे. धुरात वीट कुणाला दिसणार?

ती बंबाच्या साहेबांपुढे जाऊन उभीच राहिली. “तिसरा मजला, मागची बाजू, व्हरांड्याच्या टोकाची खिडकी. तिथून डाव्या हाताला पत्र्याचं दार. आत माणूस अडकलाय. ते आतून उघडत नाही!”

“खात्री आहे? माझी माणसं जाणार आहेत तिथं.”

बाई शेजारीच उभ्या होत्या. सगळा विभाग ऐकत होता. ती म्हणाली, “खात्री आहे. मी पाटीवर खोटं ठेवून बाहेर गेले होते. तो मला शोधायला गेलाय.”

बाईंनी तिचा दंड घट्ट धरला.

मागच्या बाजूला शिडी लागली. दोघे जवान खिडकी फोडून आत शिरले. मग नुसता धूर. एक मिनिट… तीन मिनिटं… तिनं किती देवांना किती नवस बोलले, त्याचा हिशेब त्या देवांनाच ठाऊक. तिची चार वर्षांची बियाणी त्याच खोलीत होती. ती तिला आठवलीसुद्धा नाहीत.

खिडकीत आधी हेल्मेट दिसलं. मग दुसरं. आणि त्यांच्या मधे, काजळी फासलेला, खोकून खोकून वाकलेला तो.

त्याला गवतावर बसवलं. ती समोर गुडघ्यांवर बसली. त्यानं तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि खेकसला, “कुठे होतीस तू?”

“झेरॉक्सला,” ती हुंदके देत म्हणाली. “पाटी खोटी होती. मी खोटी आहे. आज माझ्यामुळे तू…”

“गप. ऐक.” त्याला धाप लागली होती. “टेबलावर तुझा फोन… खुर्चीला पर्स. मला वाटलं, तू बेशुद्ध पडली असशील त्या खोलीत. टॉर्च मारला. कपाटामागे बघितलं. तू नव्हतीस.” तो पुन्हा खोकला. “तेवढ्यात दार लागलं. बाहेर धूर, आत मी एकटा. आणि मी हसत होतो, वेड्यासारखा. ती इथं नाही, ती इथं नाही… एवढंच म्हणत होतो. बाकी कशाचीच भीती वाटली नाही बघ.”

तिनं त्याचा काळाकुट्ट चेहरा दोन्ही हातांत धरला. बाई होत्या, मामा होते, सगळं विद्यापीठ जमलेलं होतं. असू दे, म्हणाली मनाशी. आठ महिने घालवले, आता एक क्षणही नाही.

“माझ्याशी लग्न करशील?”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. लाल झालेल्या डोळ्यांतून पाणी गालांवरून वाट काढत हनुवटीपर्यंत आलं.

“आधी पाणी दे,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “एवढं मोठं ‘हो’ कोरड्या घशानं निघत नाही.”