डाव्या डोळ्यावरची पट्टी

आपल्यासारखा गंडवणारा अख्ख्या बाजारात सापडायचा नाही, असं म्हातारा शिंपी गिऱ्हाइकांना ऐकवायचा. बायकोला मात्र जन्मात एकदाही गंडवता आलं नाही, हेही लगोलग तोच सांगून टाकायचा.

ती बायको वारून वर्ष उलटलं होतं. म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्याचं ऑपरेशन झालं, गढूळलेलं भिंग काढून नवं बसवलं, आणि जग धुऊन वाळत घातल्यासारखं लख्ख झालं. घरी येऊन त्याने गंमत म्हणून उजवा डोळा मिटला. डाव्या डोळ्यातल्या दुधी धुक्यात, खिडकीजवळच्या खुर्चीत, ती बसली होती. मान खाली घालून सुईत दोरा ओवत. खोलीभर तिच्या केसांच्या तेलाचा वास. उजवा उघडला... नुसती खुर्ची.

म्हातारा टरकला. पण दुसऱ्या दिवशी डोळा पुन्हा मिटलाच. मग रोजच.

डॉक्टरीणबाई डाव्या डोळ्यासाठी मागे लागल्या. मोतीबिंदू पिकलाय, थेंबांनी विरघळत नसतो, आणखी रेंगाळलात तर आत दाब वाढून डोळाच जाईल. सून हाताला धरून घेऊन निघाली. वाटेत त्याने तिला खुर्चीतलं सगळं सांगितलं. "बाबा, थापा पुरे," ती म्हणाली आणि हात आणखी घट्ट धरला.

दवाखान्यात नर्सने डाव्या भुवईवर पट्टी चिकटवली. पट्टी ज्या बाजूला, ऑपरेशन त्याच डोळ्याचं, अशी तिथली रीत. नर्सची पाठ वळताच पठ्ठ्याने पट्टी उपटून उजवीकडे लावली. उजव्याचं तर झालेलंच. घोळ होईल, घरी धाडतील. स्वतःवरच खूश होऊन तो डोळे मिटून पडला.

तेवढ्यात कपाळाला गार बोटं लागली. शिवण बसवावी तसा भुवईवर अंगठा दाबला गेला... आणि तोच तेलाचा वास. डोळे उघडले तर जवळपास कोणी नव्हतं.

"पट्टी डावीकडे. बरोबर," डॉक्टरीणबाई टेबलापाशी म्हणाल्या.

ऑपरेशन झालं. घरी आल्यावर, डोळ्यावरची झाकणी निघताच त्याने खुर्ची पाहिली. आधी हा डोळा मिटून, मग तो मिटून. रिकामी. मग शिलाई मशीनपाशी जाऊन बसला. तिथे टोचून ठेवलेली सुई ओवलेली होती. दोऱ्याचं टोक अजून ओलं.

"अगं," तो खुर्चीकडे बघत हळूच म्हणाला, "सगळं लख्ख दिसतंय... तू तेवढी दिसत नाहीस."

"दिसत नसले म्हणून काय झालं," खुर्चीतून आवाज आला. "आणि ती पट्टी उजवीकडे लावून गंडवत कोणाला होतात... मला?"