शून्यांचं पान

ज्याला खोटं वाटतं त्याने इटलीत, पादुआत यावं आणि माझ्या भावाचा डावा हात बघावा. मी अडवणार नाही.

सन १५५१. संत आगाथाचा दिवस. भर दुपारी मी, ऑर्सोला, आणि धाकटा भाऊ बास्तियान दुकानात होतो. बाबा ल्यूट बनवतात, फुगीर पोटाचं तारांचं वाद्य. ते चर्चमध्ये गेले होते.

रविवारी एका सरदाराच्या घरी लग्न होतं आणि बास्तियान तिथे वाजवणार होता. आवडलं तर कायमची नोकरी. त्याला कोणीच न ऐकलेला नाच हवा होता.

तो सापडला एका जुन्या ल्यूटच्या पोटात. दुरुस्तीसाठी बाबांनी तिची तबली, म्हणजे वरची फळी, काढली होती. आतल्या जोडांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. या पट्ट्यांवर आकडे होते. मी त्या भिजवून सोडवल्या आणि जुळवल्या. चार पानं झाली.

रेघ म्हणजे तार, आकडा म्हणजे दांडीवरचा पडदा, जिथे बोट दाबायचं. शून्य म्हणजे मोकळी तार, तिथे डाव्या हाताचं बोट लागतच नाही.

पहिल्या पानावर पावान, संथ नाच. मग उड्यांचा साल्तारेल्लो. मग सगळ्यात जलद पीव्हा.

चौथ्या पानावर नुसती शून्यं...

"याला शेवटी बोटं हलवायचाही कंटाळा आला वाटतं!" बास्तियान हसला. "आणि गंमत बघ, साल्तारेल्लोत करंगळीला कामच नाही. पीव्हाला तर दोनच बोटं पुरतात."

"मग तुझ्याच जातीचा कोणीतरी आळशी असणार," मी म्हटलं.

दुसरी ल्यूट घेऊन त्याने पावान वाजवली. इतकी सुंदर, की मी सरस ढवळायची थांबले.

शेवटचा सूर विरला...

ठक्!

लाकडावर काहीतरी आपटल्यासारखं.

बास्तियानच्या मांडीवर रक्त सांडत होतं. त्याची करंगळी जमिनीवर पडली होती.

तो किंचाळला. पण हात दांडीवरून सुटेना. उजव्या हाताने तारा छेडायला सुरुवातही केली होती. साल्तारेल्लो.

"सोड ती! अरे, थांब ना!"

"मी नाही वाजवत, ऑर्सोला! अगं, मी नाही वाजवत!"

मी त्याचं डावं मनगट धरून ओढलं.

तिथे आधीच एक हात होता... दिसत नव्हता. माझ्या बोटांखाली गार लागला.

ठक्!

साल्तारेल्लो संपताच दुसरं बोट गेलं. रक्ताने तारा भिजल्या आणि पीव्हा सुरू झाला. माझा भाऊ ओरडून रडत होता आणि उरलेली दोन बोटं दांडीवर पळत होती.

तेव्हा मला ती शून्यं कळली.

लिहिणाऱ्याला कंटाळा आला नव्हता. त्याच्याकडे बोटंच उरली नव्हती.

पीव्हा काही मोठा नाच नाही. शेवटची ओळ आली. मी लाकूड फोडायची कुऱ्हाड उचलली आणि ल्यूटच्या दांडीवर घातली...

ठक्!

तारा तुटल्या. बास्तियान माझ्या अंगावर कोसळला. तर्जनी शाबूत होती. मधलं बोट दांडीच्या तुकड्यांत पडलं होतं.

ती पानं बाबांनी जाळली. बास्तियान आता दुकानात सरस ढवळतो. येईल त्याला सांगतो, "ही होती म्हणून एक तरी बोट राहिलं."

मी मान हलवते.

पण त्या शेवटच्या वेळी 'ठक्' एकदाच वाजलं होतं.

ते त्या गार हाताचं होतं, की माझ्या कुऱ्हाडीचं... मला अजून माहीत नाही.