पाठमोरा

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी आम्ही धूळ काढत होतो. घरातली नव्हे, सिनेमातली. त्यांच्या जुन्या बालचित्रपटाची नवी प्रत महोत्सवासाठी तयार करायची होती. संकलनाच्या खोलीत बाबा पडद्याच्या पुढ्यात बसलेले, मी त्यांच्यामागे माऊस धरून एकेका फ्रेमवरचे ठिपके पुसत होते. बाबांना मी जन्मभर अशी पाठीमागूनच पाहत आले. वाकलेली मान, उजव्या कानाच्या पाळीला लहानपणी कुत्र्याने पाडलेली खाच.

पडद्यावर जुन्या वस्तूंचा दुकानदार हात चोळत होता. लांब काळा कोट, चिकटवलेलं बाकदार नाक, मुलांवर फिरणारी लोभी नजर. शेवटी सगळी गल्ली त्याला हुसकावून लावते. त्या जमावात अगदी पुढे, ठिपक्यांच्या फ्रॉकमध्ये सात वर्षांची मी. आवाज नंतर भरला होता. डबिंगच्या खोलीत स्टुलावर उभी राहून, बाबांचं समाधान होईपर्यंत मी ओरडले होते, "हाकला त्याला!"

खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई बाबांच्या डोळ्यांचे थेंब घेऊन आल्या. त्या यहुदी. बाबांच्या जुन्या स्नेही. त्याच आठवड्यात त्यांनी वर्तमानपत्रात लिहिलं होतं, की हा दुकानदार म्हणजे त्यांच्या लोकांची जुनी, विषारी टवाळी आहे.

"आलात? आता डोळे फोडूनच जा," बाबा न वळता म्हणाले.

"ते काम तुम्ही कॅमेऱ्याने केलंत."

"अख्ख्या पटकथेत यहुदी हा शब्द दाखवा. धंदा सोडतो."

"शब्दाची गरजच पडली नाही ना. माझ्या शाळेच्या भिंतीवर हेच नाक होतं, हेच हात. खाली एक अक्षर नव्हतं. मधल्या सुट्टीत मुलं मला त्याच्याशेजारी उभी करायची."

"मग इतकी वर्षं का गप्प होतात?"

"शेजारधर्म. चुकलंच माझं."

"मुलांचा सिनेमा आहे हो तो!"

"म्हणूनच."

बाबा माझ्याकडे वळले. "तू सांग यांना. मूग गिळून बसू नकोस."

"ठिपके राहिलेत अजून," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी बाबांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. बाटली टेबलावर ठेवली आणि त्या गेल्या.

सकाळी बाबा त्याच खुर्चीत सापडले. गार.

चार लोकांचं येणं-जाणं संपलं तसा महोत्सवाच्या संयोजकाचा फोन आला. "सिनेमाआधी मंचावर आता तुम्हीच बोला. सिनेमा निर्मळ आहे, आरोप खोडसाळ आहे, बास. म्हातारीचं तोंड बंद होईल." मी हो म्हटलं. बापाच्या बाजूने लेकीने नाही तर कोणी बोलायचं?

उरलेलं काम एकटीने सुरू केलं. दुकानाच्या दृश्यात दुकानदाराचा चेहरा मला जरा खिडकीकडे वळलेला वाटला. दुसरा टेक लागला असेल, म्हणून मूळ प्रत काढून पाहिली. तिच्यातही तो तसाच होता.

दुसऱ्या दिवशी त्याचे हात दिसेनात. ते कोटाच्या खिशात होते. नंतर गाल गेला, मग नाक. आठवडा संपता संपता तो प्रत्येक दृश्यात कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा होता. मुलं मात्र त्याच्याकडे पाहून तशीच हसत होती, त्याच जागी, तेवढीच. हसण्यासारखं काय दिसत होतं त्यांना?

संयोजकाला बोलावून दाखवलं. "काय चकाचक झालंय!" तो म्हणाला. "आणि ते नाक! अजून हसू येतं बघा."

महोत्सवाच्या दिवशी दुपारी, रिकाम्या थिएटरात आम्ही प्रत तपासायला बसलो. शेवटचं दृश्य आलं. गल्ली, जमाव, उगारलेल्या मुठी.

आवाज नव्हता. सगळी तोंडं उघडी आणि आवाज नव्हता.

"आवाज जरा जास्तच चढलाय का हो?" शेजारून संयोजक म्हणाला.

दुकानदार गल्लीच्या मधोमध पाठमोरा उभा होता. कोटाच्या कॉलरवर वाकलेली मान. उजव्या कानाच्या पाळीला खाच.

जमाव त्याच्याकडे पाहत नव्हता. सगळे माझ्याकडे पाहत होते.

ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी एक पाऊल पुढे आली. तिचे ओठ हलू लागले. इतकी वर्षं डबिंगमध्ये काढल्यावर ओठ आपोआप वाचता येतात. "हाकला त्याला" म्हणताना ओठ एकदाही मिटत नाहीत.

तिचे मिटले. लगेच पुन्हा एकदा मिटले.

मी खुर्चीतून उठले आणि तिच्या ओठांवर आवाज भरू लागले. एकही फ्रेम मागेपुढे झाली नाही.

"बाबा, त्याने काहीच केलेलं नाही. डॉक्टरीणबाई खरं बोलताहेत. मला नाही ओरडायचं."