तेलाचा हात

मी खरं तर स्टूल घ्यायला गेले होते. जुन्या फर्निचरच्या त्या दुकानात एका कपाटामागून दोन पाय तेवढे दिसत होते, म्हणून मी पायांनाच विचारलं, "स्टूल आहे का हो?"

कपाटामागून एक चेहरा वर आला. भुवयांवर भुसा आणि डोळे... जाऊ दे, आधी कपाटाचं सांगते. सागवानी, स्कँडिनेव्हियन घडणीचं, माझ्या आईच्या वयाचं. मधासारखा रंग, निमुळते पाय आणि भिंतीपासून जेमतेम वीतभर पुढे येणारं. कुठे नक्षी नाही, कसला तोरा नाही. स्टूल मी साफ विसरले.

"घरात मावेल?" त्याने विचारलं.

"माझ्या घरात मीच कशीबशी मावते."

"मग हेच न्या. उंच पायांचं आहे, खालची फरशी दिसत राहते. घर मोठं वाटतं."

आणि खरंच वाटलं! पलंगाखालची, ओट्यावरची पुस्तकं त्यात विसावली. प्रूफं तपासून डोळे शिणले की मी नुसती त्या कपाटाकडे बघत बसायचे.

कपाट पोचवून गेलेला तो पुढच्याच रविवारी पुन्हा दारात. हातात बाटली आणि फडकं.

"सागवानाला तेलाचा हात द्यावा लागतो."

"इतक्या लवकर?"

"जुनं आहे ना... लाड करावे लागतात."

मग दर रविवारी लाड सुरू झाले. एकेक पुस्तक उतरवायचं, चाळायचं, त्यावर माझ्याशी भांडायचं. एका कप्प्याला अख्खी दुपार लागे.

"तुम्ही पुसता की वाचता हो?"

"घाई आहे का?"

"मला? छे—"

एके दिवशी पुस्तक काढायला गेले, तर ते निघेचना. कप्पा चिकट झाला होता, वर धुळीचा थर. मी धावत दुकानात गेले. तो नव्हता, दुकानाची मालकीण, म्हणजे त्याची आत्या होती. तिला दर रविवारच्या तेलाचं सांगितलं.

"अगं, वर्षातून एकदा पुरे! कोण शहाणा दर आठवड्याला..." ती थबकली. "अस्सं! म्हणजे माझ्या बाटल्या तुझ्याकडे रिकाम्या होतायत तर!"

घरी येऊन मी कपाटासमोर बसले. ते वाचवायचं तर तेल थांबवायला हवं होतं. तेल थांबलं की त्याचं येणंही थांबणार. कपाटावर माझा जीव होताच, पण त्याच्यावर त्याहून जास्त जडला होता.

रविवारी मी त्याला कप्पा दाखवला. त्याने बोट फिरवलं आणि कानापर्यंत लाल झाला.

"मला कळत होतं, जास्त होतंय... पण हातात बाटली नसली तर दार कुठल्या तोंडाने वाजवू?" त्याने मान खाली घातली. "आत्या साफ करून देईल. मी... नाही येत आता."

मी बाटली काढून घेतली. त्याला दाराबाहेर उभं केलं आणि दार लावलं.

"आता वाजव," मी आतून म्हटलं. पहिल्यांदाच अरे-तुरे केलं.

 मी दाराला कान लावला. मग अगदी हलकी टकटक...

मी दार उघडलं. रिकामे हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं, म्हणून मीच ते हातात घेतले.