सरकलेला जांभळा

"शुभांगीताई, लगेच या. निकिताची चित्रं गेली!"

उज्वला मॅडमचा फोन आला आणि शुभांगी सानप सकाळीच वैतागल्या. फौजदारकीतून निवृत्त झाल्यावर डोकं शांत राहावं म्हणून त्यांनी गंगापूर रोडच्या उज्वला मॅडमच्या छापचित्र कार्यशाळेत नाव घातलं होतं. छापासाठी लिनोची मऊ लादी कोरताना बोट कापलं, छापताना कागद सरकला, आणि आता चोरी. शांतता म्हणे!

छापलेली चित्रं वाळत घालायच्या दोरीखाली निकिता रडत बसली होती.

"पुन्हा छाप की."

"कशावर? लिनो एकच होता, ताई. पिवळा छापला, मग कोरला. हिरवा छापला, परत कोरला. जांभळा छापला. आता त्याच्यावर काही उरलंच नाही. आणि दुपारी पप्पा येतायत पिंपळगावहून. चित्र बघून ठरवणारेत, मला आर्टला घालायचं की कॉमर्सला."

शुभांगींनी दार पाहिलं. कुलूप शाबूत. दोरीचे सुटे चिमटे नीट डब्यात भरलेले. इतका टापटिपीचा चोर त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. सगळ्यांनी वाखाणलेलं, सोबत शिकणाऱ्या दीपकचं देवळाचं चित्र दोरीवर तसंच होतं. शेजारचं त्यांचं स्वतःचं बदक मात्र गायब होतं.

त्यांना क्षणभर बरं वाटलं. मग चीड आली. ते बदक फुकट दिलं तरी कुणी घेतलं नसतं.

"दीपक, तू निकितावर जळतोस म्हणे?"

"जळतो. म्हणून चोरी करीन का?"

"काल शेवटी कोण निघालं?"

"मी. किल्ली सहादूकाकांना दिली. सकाळी तेच उघडतात."

"निकिताशी काही बोलणं झालं?"

"म्हटलं, जांभळा सरकलाय. तर म्हणे मुद्दाम सरकवलाय, द्राक्षं वाऱ्यानं हलताना दिसली पाहिजेत."

"कुणी ऐकलं?"

"कुणीच नाही. बाकीचे चहाला गेले होते."

सहादूकाका नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. घरी करमत नाही म्हणून इथं मदतीला यायचे. मान खाली घालून ते रोलर पुसत होते. रोलर केव्हाच स्वच्छ झाला होता.

"काका, कचऱ्याचा डबा कुणी रिकामा केला?"

"मीच. रद्दी ठेवायची नसते."

"दोरीवरची चित्रं कुणी काढली?"

काकांनी रोलर पुन्हा पुसायला घेतला. शुभांगींचा पारा चढला. त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं.

"चोर चांगलं सोडून वाईट कशाला नेईल? माझं बदक आणि हिची द्राक्षं, दोन्हींत रंग सरकलेला होता. दीपकच्या देवळात नव्हता. म्हणजे ही चोरी नाही, रद्दी काढलीय. सरकलेली छपाई दिसली की ज्याचा हात आपोआप तिकडं जातो, असा माणूस इथं एकच आहे. काका, प्रेसमध्ये काय करायचात?"

"छापलेले कागद तपासायचो," काका रोलर खाली ठेवत म्हणाले. "खराब कागद दाराबाहेर जाऊ द्यायचा नाय. वाटलं, पोरीचा बाप येणार, असलं बघून नाय म्हणेल. फाडून लगद्यासाठी टबात भिजत टाकली. ती रडाया लागली अन् माझी जीभच उचलेना."

"अहो, पण विचारायचं तरी!" शुभांगी ओरडल्या.

टबात ओले तुकडे होते. शाई तेलाची, ती उतरली नव्हती. काकांनी एकेक तुकडा काचेवर लावायला घेतला. जन्मभर फाडणाऱ्या हातांना जोडायची सवय नव्हती. कडा काही नीट जुळेनात.

दुपारी निकिताचे वडील आले. बराच वेळ काचेवर वाकून राहिले.

"वारं सुटल्यावर आपला मळा असाच दिसतो," ते म्हणाले. "फाडलं कोणी हे?"

"मी," सहादूकाका म्हणाले.

वडिलांनी त्यांच्याकडे रागानं पाहिलं, मग काकांच्या हातातला शेवटचा तुकडा काढून घेऊन स्वतः जागी लावला. "मॅडम, आर्टच्या ॲडमिशनला काय काय लागतं?"

निकिता पुन्हा रडायला लागली. सगळे तिच्याभोवती जमले.

बदकाचे तुकडे टबात तसेच तरंगत होते. ते जोडायला कुणी आलं नाही. शुभांगीसुद्धा नाही.