सामायिक कमरपट्टा

सोलापुरात त्या दिवसांत पँट विकली गेली तरी तिचं कारखान्याशी असलेलं नातं तुटत नसे. लग्न करून दिलेल्या मुलीसारखं नव्हे. ते तरी कधीमधी तुटतं. याला कारण कापडातलं स्मरणसूत. हे सूत हुकमानुसार आखडायचं, सैलावायचं, आणि आपण संगणकावरच्या कोणत्या नमुन्यातून कापले गेलो ते विसरायचं नाही. कारखान्यात बसून नमुन्यातली बाही बोटभर वाढवली, की ती घातलेला माणूस नागपुरात असो की नांदेडात, त्याची बाही बोटभर वाढायची. शाळेचे गणवेश पोरांबरोबर वाढू लागले. 'वाढत्या अंगाचं' शिवणं बंद झालं आणि पाचवीतला मुलगा प्रथमच पाचवीतला दिसू लागला.

हरीश कोंगारी अशा एका कारखान्यात नमुने दुरुस्त करायचा. त्याला मुलगी बघायला जायचं होतं आणि त्याची पँट कमरेत ढगळ होती. जेवणाच्या सुट्टीत त्याने पडद्यावरचा कमरपट्टा निवडला, गुणधर्मांची चौकट उघडली आणि घेर दोन इंचांनी कमी केला. चौकटीत खाली 'फक्त हा नग' असा पर्याय होता. तो निवडायचा राहिला. कापणी झटपट व्हावी म्हणून कारखान्याच्या सगळ्या पँटना एकच सामायिक कमरपट्टा जोडलेला असतो, हे हरीशला पाठ होतं. पण पाठ असलेलं कोण आठवत बसतं?

पँट चोख बसली. मुलीने नकार दिला, पण पँटमुळे नव्हे.

त्याच आठवड्यात अप्पांनी, म्हणजे हरीशच्या वडिलांनी, जेवण सोडलं.

"भूक नाही," ते म्हणाले आणि शेंगाचटणीकडे असं पाहिलं, जसं लोक जुन्या प्रेयसीकडे पाहतात.

आईने हरीशला स्वयंपाकघरात ओढलं. "त्यांच्या पँटचं हुक लागत नाहीये. कुणाला सांगू नकोस म्हणालेत. म्हणून तुलाच सांगते."

अप्पांना मधुमेह. गोळी घेऊन उपाशी राहिल्यावर जे व्हायचं तेच झालं. ते जिन्यात चक्कर येऊन बसले. आईने त्यांच्या तोंडात साखर कोंबली. हरीश त्यांचा कमरपट्टा सैल करायला वाकला, आणि त्याला एकदम ती चौकट आठवली. अप्पांच्या तोंडाकडे बघवेना.

तो थेट कारखान्यातल्या डॉ. रेवती सोनवलकरांकडे गेला. स्मरणसूत त्यांनीच शोधलेलं.

"मॅडम, मी सगळ्यांच्या कमरा आवळल्यात."

बाईंनी सावकाश चष्मा काढला. "सगळ्यांच्या म्हणजे?"

"जेवढ्या पँट विकल्या, तेवढ्या. तक्रारी किती आल्या असतील?"

त्यांनी संगणकावर पाहिलं. "एकही नाही."

"असं कसं? सूत आखडलं नाही का?"

"आखडलं रे. सूत फक्त नमुन्याचं ऐकतं. पण हरीश, कमर आवळली तर माणूस कापडावर संशय घेत नाही, स्वतःवर घेतो. आणि स्वतःची तक्रार कुणाकडे करणार?" मग खुर्चीत जरा अवघडून, खिडकीकडे बघत म्हणाल्या, "मी सोमवारपासून ताकावर आहे."

"पण मॅडम, सूत तुमचं!"

"तेच तर. कुणाला सांगू?"

मग हरीशने तिथेच चौकट उघडून दोन इंच परत दिले.

घरी पोचला तेव्हा अप्पा आरशासमोर. पँट कमरेवर ऐसपैस. चेहऱ्यावर कित्येक वर्षांत नव्हतं असं तेज.

"बघितलंस? उतरलं पोट! आता भाकरी बंदच. अजून दोन इंच काढतो."

हरीशने त्यांचे पाय धरले. "अप्पा, मी केलं ते. आवळलंही मी, सोडलंही मी. पोट होतं तेवढंच आहे. जेवा."

अप्पांनी पाय ओढून घेतले. त्यांचा चेहरा पडला, मग कडक झाला. "बापाने उपास करून कमावलेलं तुला बघवत नाही होय?"

"खरंच सांगतो. सगळ्या गावाचं झालंय."

"गावाचं झालं असतं तर कुणी बोललं नसतं का?"

"तुम्ही बोललात?"

अप्पांनी गॅलरीकडे तोंड फिरवलं. गॅलरीतून समोरचे तीन बिऱ्हाडकरू दिसत होते. तिघेही आपापल्या आरशासमोर, बाजूने वळून पोटावर हात फिरवत.

"त्यांनाच विचारा ना," हरीश म्हणाला.

"वेडा आहेस का," अप्पांनी पडदा ओढला. "असलं कुणी कुणाला विचारतं?"

आणि आईने आणलेलं ताट दूर सारलं.